तू काहीच मागितलं नाहीस, भागू

भागू, तू गेलीस तेव्हा ज्वारी पोटऱ्यात होती. आता खळी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या, आणि मी माळवदावर भिंतीच्या सावलीला बसून तुला हे लिहितेय. अक्षरं तूच शिकवलेली. 'क्ष' मला अजून धड वळवता येत नाही. तू असतीस तर हसली असतीस, माझं बोट धरून पुन्हा गिरवून घेतलं असतंस. तू किती चांगली होतीस हे लिहायला मी बसलेली नाही. ते रडून झालं. तू गेल्यावर मी काय केलं, ते तुला सांगायचंय. ऐकून तुला बरं वाटेलच असं नाही. माझ्यापेक्षा तू मऊ होतीस.

दिंद्रुडच्या बाजारापासून कोसभरावरच्या ह्या गावात, पाटलाच्या घरात आपण दोघी जावा. मी मधली, तू धाकटी. तुझा नवरा हैद्राबादला निजामाच्या फौजेत होता, तो तापानं तिकडंच गेला आणि तू विशीतच विधवा होऊन आमच्यात राहिलीस. घरात हुकूम थोरल्या दिरांचा. ते गावचे पाटील. आम्हा धाकट्या भावजयांना ते भाया. त्यांच्यापुढं पदर ओढायचा, त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी ह्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेले नाही. ही रीत पुढं माझ्या किती कामाला येणार होती, ते तेव्हा कुठं ठाऊक होतं!

तुझे वडील जालन्याला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर मुन्शी होते. साहेबाची बाई सारखी आजारी, तिला लेकरू नाही. तिनं तुला जवळ बसवून इंग्रजी शिकवलं. त्यांच्यात म्हणे नाताळाच्या थंडीत भुतांच्या गोष्टी सांगायची रीत. तिच्या पायाशी शेकत बसून तू त्या ऐकल्यास, आणि पंधरा वर्षांनी आमच्या ओसरीवर, भर दुपारी, शेंगा फोडता फोडता आम्हा बायकांना सांगितल्यास.

पहिल्यांदा आम्ही हसलो होतो गं. ती पाद्र्याची गोष्ट. एक पाद्री लिलावात जुनी खुर्ची घेतो आणि दिवाणखान्यात मांडतो. मग घरी जो जो येतो, तो आधी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मान लववतो आणि मग पाद्र्याला नमस्कार करतो. पाद्र्याला तर खुर्चीत कुणी दिसत नाही. शेवटी तो डाक्टरला विचारतो, तुम्ही मान कुणाला लववली? डाक्टरला वाटतं, पाद्री थट्टा करतोय. "अहो, तुमच्या आईसाहेबांना," म्हणतो. पाद्र्याची आई कधीच वारलेली असते. आणि मग एक दिवस पाहुणे येतात, खुर्चीला मान लववतात, जरा वेळ बसतात, निघून जातात. पाद्र्याकडं कुणी बघतच नाही.

तू थांबलीस. 

"मग फुडं?" थोरल्या बाईंनी, म्हणजे पाटलीणबाईंनी, विचारलं.

"फुडं काही न्हाई. संपली गोष्ट."

"आशी कशी संपली? ती म्हातारी कावून आली व्हती? तिला काय पाहिजे व्हतं?"

"ते सांगत न्हाईत बाई."

"मग कसली मेली गोष्ट!" बाई म्हणाल्या. पण उठून आत जाताना त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं, ते मी पाहिलं होतं.

तुझं माझं भांडण तिथंच सुरू झालं. मी म्हटलं, आपलं भूत बरं. केस मोकळे, पाय उलटे, लांबूनच ओळखू येतं. अमावास्येला येतं, चिंचेवर राहतं. नारळ मागतं, कोंबडं मागतं, दिलं की जातं. तुझी ही इंग्रजी भुतं कसली? चांगल्या कपड्यातली, चांगल्या घरातली, चहाच्या वेळेला येणारी. कुणाला धरत नाहीत, मारत नाहीत. घाबरायचं कशाला?

"तेच तर, आक्का," तू म्हणालीस. "जे मागतंय त्याच्याशी सौदा व्हतो. जे मागतच न्हाई त्याचं काय करावं?"

"तोंडावर इचारावं. त्या पाद्र्यानं इचारलं का, आई, तुला काय हवंय?"

"न्हाई इचारलं. कारण त्याला ठावं आसंल."

"गोष्टीत तर तसं काहीच न्हाई. पाद्र्यानं आईचं काय वाईट केलं, एक शब्द न्हाई."

"सांगत न्हाईतच ते. ऐकणारानं आपलं आपण समजायचं. आन् आक्का, ऐकणारा कसा समजतो? सवताच्या मनात जे आसंल तसं."

मला ते पटलं नव्हतं. पुढं कितीतरी दुपारी आपण त्यावरून वाद घातला. प्रत्येक गोष्टीत मी एकच विचारायची, हे लोक भुताला विचारत का नाहीत? आणि तू प्रत्येक वेळी हसून म्हणायचीस की ज्याला वाटतं प्रकरण मिटलं, त्याच्याच घरी हे भूत येतं. त्यानं तोंड उघडलं तर प्रकरण पुन्हा निघेल, म्हणून तो गप्प बसतो. मी म्हणायची, तुझं हे सगळं साहेबाच्या देशात, धुक्यात. आमच्या उन्हात असलं काही टिकत नाही.

टिकतं, भागू. उन्हातच टिकतं. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मी बाळंतपणाला माहेरी चकलांब्याला होते, तेव्हाची गोष्ट मला तुळसानं सांगितली. बिरू धनगराची बायको तुळसा, तुझ्याकडं ताक न्यायला यायची ती. बिरूची मेंढरं पाटलाच्या ज्वारीत शिरली. पाटलानं त्याला चावडीपुढच्या लिंबाला बांधून मारलं. बिरू दुसऱ्या दिवशी मेला. कागदावर लागलं, विहिरीत पडून मेला. सगळ्या गावानं बघितलं होतं, सगळं गाव गप्प बसलं. तू माळवदावरून बघितलं होतंस.

तहसीलदार दौऱ्यावर आला तेव्हा तू चावडीवर गेलीस. पदर घेऊन, पण ताठ. आणि सरळ उर्दूत त्याला सांगितलंस की साहेब, बिरू धनगर विहिरीत पडला नाही. तहसीलदार तुझ्या बोलीनं चकित झाला. कुठं शिकलात म्हणाला. इंग्रजी पण येते का, म्हणून विचारलं. आणि तू, माझी बाई, खरं तेच बोलायची खोड तुझी, त्याला इंग्रजीतून उत्तर दिलंस.

तिथंच पाटलाला वाट सापडली.

"बघा साहेब," तो हात जोडून म्हणाला, "आमच्या कुणब्याच्या घरातली बाई ही. ही बोली हिची न्हाई. बाहेरचं लागलंय हिला. हिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय."

लोकांनी माना हलवल्या. त्यांना ते खरंच वाटलं असेल, किंवा सोयीचं वाटलं असेल. तहसीलदाराला मात्र कळत होतं. त्याला दोन्ही भाषा येत होत्या, शिकलेली बाई आणि झपाटलेली बाई यातला फरक त्याला कळत होता. तरी तो पान तोंडात टाकून पुढच्या गावाला निघून गेला. त्यालाही मी विसरलेली नाही.

पुढचं लिहवत नाही, पण लिहिते. भुताचं नाव लावलं म्हटल्यावर भूत उतरवणं आलंच. बालाघाटाच्या डोंगरातून देवऋषी आणला. तुला धान्याच्या कोठीत कोंडलं. मिरच्यांची धुरी दिली. अन्न नाही, पाणी नाही. वेताच्या छडीनं विचारत होता म्हणे, बोल, काय पाहिजे तुला? आणि तू म्हणत होतीस, पाणी. ते कुणाला ऐकू आलं नाही. भूत पाणी मागतंय म्हणून त्यांनी आणखी धुरी वाढवली.

मी तान्ही लेक घेऊन परत आले तेव्हा तुझी राखसुद्धा सावडून झाली होती. आमच्या ह्यांना विचारलं, "तुमी काय करत व्हते?" ते जमिनीकडं बघत म्हणाले, "दादाफुडं मी काय बोलणार?" थोरल्या बाई म्हणाल्या, लई वंगाळ भूत होतं, तिला घेऊनच गेलं. सगळे कसं मन लावून सांगत होते! मी कुणाला काही बोलले नाही. मनात म्हटलं, तुम्हीच म्हणताय ना ह्या घरात भूत होतं? बरं. मग राहू दे आता.

मला त्याचं मरण नको होतं. मेला असता तर सुटला असता. आणि मी बाईमाणूस, करणार काय? विष घालायला माझा हात धजला नसता. पण तुझ्या गोष्टी माझ्याकडं होत्या.

ओसरीवरच्या मधल्या खांबाला टेकून तू बसायचीस. मी परत आल्यावर एक दिवस दुपारची जेवणं झाली होती, पाटील समोर बैठकीवर लोडाला टेकून सुपारी कातरत होता. मी ताटं घेऊन निघाले. खांबापाशी आल्यावर लुगडं सावरलं, अंग चोरलं आणि बाजूनं गेले. तिथं कुणी बसलंय, त्याला पाय लागू नये, एवढंच. परत येताना तसंच. बाकी काही नाही. ना किंकाळी, ना घुमणं.

पहिले दोन-चार दिवस त्याच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. अडकित्त्याचा आवाज थांबला, तो मला पाठमोरी ऐकू आला. मी मान वर केली नाही. रीत आहे ना.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणाला शिकवलं नव्हतं. पण एक दिवस बघते तर थोरल्या बाईपण खांबापाशी अंग चोरून निघाल्या. मग कामाच्या बाया. मग पाटलाची धाकटी पोरगी धावता धावता तिथं वळसा घालून गेली. तू म्हणाली होतीस ना, ऐकणारा स्वतःच्या मनात असेल तसं समजतो. त्या घरात प्रत्येकाच्या मनात तू होतीस, भागू. मी फक्त लुगडं सावरलं.

पाटलानं खांबापाशी सरकीची पोती रचून जागा बंद केली. मी वाट बघितली. दोन दिवस पोत्यांशेजारून सरळ, निवांत गेले. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिसऱ्या दुपारी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, आणि ठेवता ठेवता हात मागं घेतला, तांब्या वीतभर बाजूला ठेवला. त्याच्या लोडाशेजारी कुणीतरी बसलंय, त्याच्या अंगावर पाणी सांडू नये, असा.

भागू, तू त्याचं तोंड बघायला हवं होतंस. मी पदराआडून बघितलं. इतका आनंद मला लेक झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता. लाज वाटत नाही हे लिहायला.

त्यानं तोच देवऋषी पुन्हा बोलावला. दाढी वाढलेला, हातात तीच छडी. तो दारातून आत आला तेव्हा मी लेकीला कडेवर घेऊन बाजूला झाले, त्याला वाट दिली. तो गेला. मग मी तशीच उभी राहिले आणि त्याच्या मागून येणाऱ्याला वाट दिली. त्यानं वळून बघितलं. मागं अंगण होतं, ऊन होतं, कुत्रं झोपलेलं होतं.

त्यानं नारळ मांडला, लिंबं कापली, कोंबडं आणवलं. विचारू लागला, "कोण हाईस? काय पाहिजे? साडी पाहिजे का? घास पाहिजे का?" कोण उत्तर देणार? कुणी घुमत नव्हतं, कुणाचे केस मोकळे नव्हते. आम्ही बायका ओळीनं शांत बसलो होतो. त्याच्या कपाळावर घाम आला.

"मालक," तो शेवटी म्हणाला, "मागणं आसतं तर भागवलं आसतं. हिला काहीच नको हाय. हे मला जमायचं न्हाई." कोंबडं तसंच पाय बांधलेलं टाकून तो गेला. पुन्हा ह्या बाजूला फिरकला नाही. डोंगरात आता त्याला कुणी बोलावत नाही, असं ऐकते. सारखा मागं बघतो म्हणे.

आपला वाद आठवला मला तेव्हा. तू जिंकलीस.

मग पाटलानं रीत मोडली. भर दुपारी, सगळ्यांदेखत, माझ्याशी बोलला. आवाज चिरकला होता. "तुला दिसती का ती? काय म्हणती? बोल!"

मी पदर आणखी खाली ओढला.

"काय पाहिजे तिला? एकदा इचार. काय म्हणंल ते देतो."

आमचे हे कळवळून म्हणाले, "आगं बोल की, दादा इचारतेत."

मी ह्यांच्याकडं तोंड केलं आणि म्हटलं, "त्यांना सांगा, भायाशी बोलायची आपल्या घरात रीत न्हाई."

तेव्हापासून तो देत सुटला. बंद केलेलं गायरान धनगरांना मोकळं केलं. तुळसाला लुगडं धाडलं, तिनं ते घेतलं नाही. देवळाला कळस चढवला. प्रत्येक गोष्ट केली की माझ्याकडं बघायचा, मी बाजूला होते का सरळ जाते म्हणून. मी बाजूला व्हायची. त्याचं खाणं सुटलं, अंग वाळलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आक्का, बास. मला तुझा आवाज ऐकू यायचा, आणि मी मुद्दाम ऐकायची नाही. तू पाणी मागत होतीस, तेव्हा कोण म्हणालं होतं बास?

चैत्रात तोच तहसीलदार पुन्हा आला. आम्ही बायका माळवदावर पापड वाळत घालत होतो, चावडी समोर दिसत होती. पाटील पुढं झाला. नेहमीसारखी खुशाली सांगेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं पागोटं काढून खाली ठेवलं.

"साहेब, बिरू धनगर हिरीत पडला न्हाई," तो म्हणाला. "मी मारला."

चावडीवर गडबड उडाली. कुलकर्णी पुढं धावला. "साहेब, मनावर घेऊ नका. मालकाला बाहेरचं लागलंय. चार महिने झाले, सारं गाव जाणतंय."

 खरं सांगते, हे मी योजलं नव्हतं. मला त्याला फक्त झुरवायचं होतं. पण आता जर तहसीलदार पुन्हा पान खाऊन निघून गेला असता, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मी जिना उतरून चावडीकडं निघाले. थोरल्या बाईंनी हात धरला, तो मी झटकला.

मी पोचले तेव्हा पाटील बोलतच होता. दोर कुणी आणला, काठी कुठल्या झाडाची, प्रेत कुणी उचललं, विहिरीत पडला असं कागदावर कुणी घातलं, सगळं. "आन् माझी भावजय झपाटलेली नव्हती," तो म्हणाला. "तिला उर्दू येत व्हती. इंग्रजी येत व्हती. मी तिला कोठीत कोंडून मारली." तुळसा गर्दीत होती. तिला विचारलं, तशी ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मग एकेक करून माणसं बोलायला लागली. गावाला एकदम वाचा फुटली. तहसीलदार खाली मान घालून लिहून घेत होता. वर बघायची त्याची छाती नव्हती, कारण मी त्याच्यासमोर पदर न ओढता उभी होते आणि त्याच्याकडंच बघत होते.

पाटलाला बीडला नेलं. तिथं त्याचं काय व्हायचं ते होईल. पाटीलकी आमच्या ह्यांच्याकडं यायची बोलणी आहेत. मी सांगितलंय, कोठी पाडायची. पहिलं काम ते.

थोरल्या बाई बसून असतात. त्यांच्याबद्दल मला दया यायला हवी, येत नाही. परवा दबकत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "आता तरी शांत झाली का गं ती? राग गेला का तिचा?"

"न्हाई," मी म्हटलं.

हे मी माझ्या मनानं सांगितलं, भागू. तुझ्या रागाचं मला काहीच ठाऊक नाही. तुळसाला तू विहिरीवर दिसतेस, बाईंना स्वयंपाकघरात, पोरांना जिन्यात. पाटलाला तर रोजच दिसत होतीस. अख्ख्या गावाला दिसतेस. आणि मी दुपारी सगळे झोपले की ओसरीवर एकटी जाऊन बसते, कान देऊन, डोळे ताणून, पार ऊन कलेपर्यंत. मला तू एकदाही दिसली नाहीस.